मोडून पाहणारा पहिलवान

मी एक जुना पहिलवान आहे, मित्रांनो. पण दंड थोपटणारा नव्हे, लोखंडाचा. विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत, खिडकीला पाठ लावून मी उभा असतो. माझं कागदोपत्री नाव इतकं लांबलचक आहे, की नवे विद्यार्थी ते उच्चारताना मध्येच श्वास घेतात. ‘पहिलवान’ हे नाव मला इथल्या तंत्रज्ञ मामांनी दिलं. मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हेत. पण प्रयोगशाळेत कुणाचं काही अडलं की हाक त्यांनाच जाते, म्हणून ते सगळ्यांचे मामा.

माझं काम ऐकलंत तर तुम्हाला हसू येईल. मी वस्तू मोडतो. तुमच्या हातून घरात काही मोडलं तर तुम्हाला बोलणी बसतात. मला मात्र त्यासाठीच इथे ठेवलं आहे. मला दोन जाडजूड खांब आहेत आणि त्यांच्यामध्ये वरखाली सरकणारी एक आडवी तुळई आहे. एक जबडा तुळईला, एक खाली पायाशी. धातूचा तुकडा या दोन जबड्यांत घट्ट धरायचा आणि कळ दाबायची. तुळई सावकाश वर सरकते, तुकडा ताणला जातो, माझ्या तबकडीवरचा काटा पुढे पुढे जातो, आणि कधीतरी तुकडा हार मानतो. तो किती जोर सोसून मोडला, हे काटा सांगतो. एवढंच माझं काम. पण या एवढ्याशा कामावर कितीतरी गोष्टी उभ्या आहेत: पूल, पाळणे, सायकलींचे दांडे, दवाखान्यातल्या खाटा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझा पाया घडवला. तुळई वरखाली करणारे माझे मळसूत्री दांडे कातणारा कारागीर कामात असताना शीळ घालायचा. सूर बेताचाच होता, पण हात सोन्याचा होता. त्याने दांड्याच्या आट्यांवरून अंगठा फिरवला आणि शेजारच्याला म्हणाला, “हा पठ्ठ्या आपल्या मागेही राहील बघ.” माझ्या कानावर पडलेलं ते पहिलं कौतुक.

मग मला पेटीत घालून ट्रकने इथे आणलं, आणि आल्या आल्या माझी फजिती झाली. दारातून मी मावेना! मला आडवं केलं, तिरकं केलं, हमालांनी कपाळावरचा घाम पुसला, पण छे. शेवटी भिंत फोडावी लागली. विभागप्रमुख कमरेवर हात ठेवून त्या भगदाडाकडे बघत राहिले. “आत आलाय खरा,” ते म्हणाले, “पण आता हा इथून हलायचा नाही.” सगळे हसले. मी मनातून खूश झालो. कुणी आपल्यासाठी भिंत फोडावी, यापेक्षा मोठं स्वागत ते काय?

त्यानंतरची वर्षं मोठ्या मजेत गेली. मित्रांनो, प्रत्येक वस्तूची मोडण्याची आपली एक तऱ्हा असते. ओतीव लोखंड तडकाफडकी मोडतं, आधी चेहऱ्यावर काही दाखवत नाही. तांबं फार समजूतदार; लांबत जातं, मधोमध बारीक होतं आणि मग सुटतं. प्लॅस्टिक तर च्युइंगमसारखं ताणत बसतं, संपायचं नावच घेत नाही. पहिल्यांदा आलेली मुलं धातू मोडल्याचा धडाका ऐकून जागच्या जागी उडी मारायची. मग एकमेकांकडे बघून हसायची आणि म्हणायची, “अजून एक!”

बाहेरची माणसंही येत. डोंगर चढणाऱ्या मंडळींनी आपला दोर आणला. एकदा एक आई मैदानावरच्या झोपाळ्याची साखळी पिशवीत घालून घेऊन आली. “माझी दोन्ही मुलं यावर झोके घेतात,” ती म्हणाली. “जरा बघता का?” मी ती साखळी ओढली, ओढली, दहा धष्टपुष्ट माणसं लोंबकळतील इतक्या जोराने ओढली, तरी ती तुटेना. त्या आईचा चेहरा असा उजळला, की मामांनी तिला साखळी चकचकीत पुसून दिली. एकदा दोन विद्यार्थिनींची पैज लागली आणि त्यांनी मला आपापल्या डोक्यावरचा एकेक केस ओढायला लावला. माझा काटा जागचा हललासुद्धा नाही, पण हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

असे दिवस कायमचे थोडेच राहतात? एक दिवस नवं यंत्र आलं. ते माझ्यापेक्षा सडपातळ होतं, दारातून अलगद आत आलं, आणि त्याला तबकडीऐवजी मोठा पडदा होता. काय वेग, काय अचूकपणा! सगळे त्याच्याभोवती जमले. मलाही ते आवडलं. उगाच खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून माझ्याकडे कुणी फिरकेना. मला बाहेर काढायचं म्हटलं तर पुन्हा भिंत फोडावी लागली असती, म्हणून मी राहिलो. माझ्या तुळईवर रेनकोट वाळू लागले. माझ्या पायाशी कुणीतरी एक कुंडी आणून ठेवली. मामा तेवढे अधूनमधून येऊन माझ्या दांड्यांना तेल देत. “गंज धरू नकोस हं,” असं पुटपुटत. ते तेल अंगभर उतरलं की मला बरं वाटायचं. पण काम नसलेल्या यंत्राला नुसत्या तेलाने किती बरं वाटणार?

आणि मग आली टकळी.

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण घरी तिला टकळीच म्हणत, कारण तिच्या बोलण्याला खंड नसे. हे नाव तिच्या दादाने ठेवलेलं; तो एकदा प्रयोगशाळेत आला आणि सगळ्यांसमोर त्याच नावाने हाक मारून बसला. झालं! त्या दिवसापासून ती इथेही टकळीच झाली. ती संशोधन करायला आली होती. तिच्या मार्गदर्शक मॅडम शिस्तीच्या. उंच, किरकोळ, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. हसू आलं तरी ते ओठांच्या आतच ठेवायच्या.

टकळीचं काम ऐकून मी थक्क झालो. माझ्या काळी धातूची वस्तू करायची म्हणजे ती ओतायची, ठोकायची नाहीतर कातायची. ही मुलगी धातूची पिठासारखी बारीक पूड घ्यायची. त्या पुडीचा पातळसा थर पसरायचा, त्यावर लेसरचा किरण चित्र काढल्यासारखा फिरायचा, आणि किरण जिथे फिरेल तिथली पूड वितळून घट्ट व्हायची. मग वर दुसरा थर, मग तिसरा. असे थरावर थर चढत जाऊन अख्खी वस्तू तयार! शेवटी भोवतीची मोकळी पूड ब्रशने झटकली, की आतून वस्तू वर यायची. वाळूत पुरलेलं खेळणं सापडावं, तशी.

आणि ती बनवत काय होती? गुडघ्याचा सांधा.

तिच्या दादाचा एक पाय लहानपणच्या आजारात अधू झाला होता. त्या पायाला तो कॅलिपर लावायचा. म्हणजे मांडीपासून पावलापर्यंत दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि गुडघ्यापाशी एक सांधा. उभं राहिलं की सांध्यातला खटका बसतो आणि पाय ताठ राहतो. बसायचं असेल तर खटका वर उचलायचा. हा सांधा जड होता आणि सारखा दगा द्यायचा. कधी बसमधून उतरताना मोडायचा, कधी बाजारात. दादा एका शाळेत चित्रकला शिकवायचा. एकदा मुलांच्या चित्रांचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना सांधा मोडला आणि दादा चित्रांसकट खाली आला. “सगळी चित्रं वर आणि मी खाली,” तो हसत सांगायचा. “एवढं सुंदर पांघरूण मला कधी मिळालं नव्हतं.” तो हसायचा, पण टकळी हसायची नाही.

दादाला एक गोष्ट मनापासून करायची होती. शाळेची एक उंच कोरी भिंत होती. तिच्यावर त्याला भलंमोठं चित्र काढायचं होतं: झाड, पक्षी, वर निळंभोर आभाळ. पण त्यासाठी परांचीवर चढायला हवं, आणि असल्या बेभरवशाच्या सांध्यावर उंच चढायचं कसं? दरवर्षी शाळेच्या इतर भिंती रंगताना तो खाली उभा राहून दुसऱ्यांकडून रंग लावून घ्यायचा आणि ओरडून सूचना द्यायचा. “माझ्या हाताला खाज सुटते गं,” तो बहिणीला म्हणायचा.

टकळीला नव्या यंत्रावर काम करायचं होतं, पण तिथे रांग लागलेली. “तू जुन्यावर कर,” मॅडम म्हणाल्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. माझ्यावर दोन रेनकोट होते, त्यामुळे मीही काही फार रुबाबदार दिसत नसणार. मामांनी मला धुऊनपुसून काढलं, कुंडी खिडकीत हलवली आणि पहिला सांधा माझ्या जबड्यात बसवला.

कित्येक महिन्यांनी मी काहीतरी ओढत होतो! माझ्या गियरांमधून नुसता आनंद फिरत होता. आणि सांधा? सांधा झकास निघाला. हवा होता त्यापेक्षा कितीतरी जास्त जोर त्याने सोसला. टकळीने टाळ्या पिटल्या, माझ्या खांबाला थोपटलं आणि म्हणाली, “पहिलवान, तुझं-माझं जमणार!” मॅडम तेवढ्या चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या, “एकदा ओढून टिकला. पण तुझा दादा दिवसभरात किती वेळा उठतो-बसतो?”

खरंच होतं ते. तार एकदा ओढून तुटत नाही, पण तीच पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. म्हणून मामा आणि टकळीने मिळून माझ्यावर दोन छोटे खटके बसवले. तुळई वरच्या खटक्याला लागली की खाली यायची आणि खालच्याला लागली की वर जायची. ओढ, सोड, ओढ, सोड. एका माणसाचं वर्षानुवर्षांचं चालणं मी जागच्या जागी उभा राहून चालणार होतो.

ही चाचणी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी दादा बहिणीला भेटायला आला. टकळी मॅडमकडे गेली होती आणि मामा तेलाचा डबा आणायला. टेबलावर ट्रेमध्ये नवे सांधे ओळीने मांडलेले, चांदीसारखे लखलखत होते. दादाने एक उचलला. तळहातावर तोलला. किती हलका! त्याने खटका लावून पाहिला, सोडून पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर, मिठाईच्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्या मुलासारखं काहीतरी आलं. त्याने दाराकडे बघितलं, आणि सांधा खिशात टाकला.

मित्रांनो, हे मी पाहिलं. पण यंत्राला बोलता कुठे येतं? माझ्या जबड्यात रिकामी हवा होती, शब्द नव्हते.

दोन-तीन दिवस चाचणी सुरळीत चालली. ओढ, सोड, ओढ, सोड. टकळी माझ्यासमोर बसून डबा खायची आणि माझ्याशी गप्पा मारायची. मग एका सकाळी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, खाडकन आवाज झाला आणि सांध्याचे दोन तुकडे झाले. फारच लवकर. दादाच्या मोजमापाने दोन आठवड्यांचं चालणंही झालं नसेल.

टकळीचा चेहरा उतरला. “दुसरा लावू या,” ती म्हणाली आणि ट्रेकडे वळली. मग थबकली. “मामा, यातला एक कमी कसा?”

“मी हात लावलेला नाही,” मामा म्हणाले.

“मग कोणी...” आणि ती गप्प झाली. टकळी गप्प! मामांनी चमकून वर पाहिलं. तिने तेलकट बोटांनी कसाबसा फोन लावला आणि माझ्या पायाजवळच्या टेबलावर स्पीकर चालू करून ठेवला. म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

“दादा, कुठे आहेस?”

“आकाशात!” दादाचा आवाज नुसता उसळत होता. “परांचीवर उभा आहे, निळा लावतोय. खाली अख्खी शाळा मान वर करून बघतेय. टकळे, मी स्वतः चढलो! स्वतः!”

“तुझ्या गुडघ्याला कोणता सांधा आहे?”

पलीकडे ब्रश थांबला असावा. “नवा. तुझाच. अगं, मी सांगणारच होतो. म्हटलं, चित्र झालं की तुला बोलावून एकदम थक्क करावं. कॅलिपरवाल्यालाही सांगितलं, माझ्या बहिणीनं बनवलाय, नव्या कॅलिपरला डोळे झाकून बसव.”

“दादा, हलू नकोस.”

“म्हणजे?”

“आहेस तिथे खाली बस. हळूच. त्या पायावर भार देऊ नकोस. हाताने परांचीची नळी पकड आणि बस.” तिचे शब्द एकेक करून नीट येत होते. “तुझ्या सांध्याचा सख्खा भाऊ आत्ता माझ्यासमोर मोडून पडलाय.”

मग काहीच ऐकू येईना. कुठेतरी दूर मुलांचा गलका. रंगाच्या डब्याला काहीतरी लागल्याचा आवाज. मामांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. मी ओढणारा पहिलवान खरा, पण त्या क्षणी मीच दोन्हीकडून ताणला गेलो होतो.

“बसलो,” दादा म्हणाला.

टकळीने इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरचा कागद उडाला.

“बसल्या बसल्या रंगवू का?” दादाने हळूच विचारलं.

“गप्प बस तिथे! हललास तर याद राख!” असं ओरडून तिने फोन उचलला, मामांना ओढलं, आणि दोघं धावतच बाहेर पडली. घाईत मला बंद करायचंही राहिलं. पुढचा तास मी रिकामाच वरखाली करत होतो आणि वाट बघत होतो.

पुढे काय झालं ते मला मामांकडून कळलं. दोघं आधी घरी गेली, दादाचा जुना कॅलिपर घेतला आणि शाळेत पोहोचली. मामा परांचीवर चढले. तिथे, एवढ्या उंचीवर, दादाने नवा काढून जुना कॅलिपर बांधला आणि एकेक पायरी मोजत खाली आला. खाली टकळी उभीच होती. ती त्याला आधी गच्च बिलगली आणि मग असं काही रागावली, की शाळेतली मुलं हळूहळू मागे सरकली. सरांना कुणी रागावू शकतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं! तोपर्यंत बसल्या जागी दादाला राहवलं नव्हतंच. बसून हात पोचेल तेवढ्या जागेत त्याने एक मांजर काढून टाकलं होतं. आभाळाच्या मधोमध मांजर! ते मुलांना इतकं आवडलं, की पुढेही त्यांनी ते कुणाला पुसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा आला. खिशातून त्याने तो सांधा काढला आणि मामांच्या हातात दिला. “पहिलवानाच्या स्वाधीन करा,” तो म्हणाला. मामांनी तो माझ्या जबड्यात बसवला. ओढ, सोड, ओढ, सोड. दादा खुर्चीवर बसून बघत होता. मॅडमनी सगळ्यांना चहा मागवला. कप रिकामे व्हायच्या आत सांधा मोडला.

दादाने कप खाली ठेवला. मग उठून आला आणि त्याने माझ्या खांबावर तळहात ठेवला. चित्रकाराचा हात, नखांत अजून निळा रंग होता.

“मला वाटलं, तू बनवलायस म्हणजे झालं,” तो बहिणीला म्हणाला. “तपासायचं काय त्यात?”

“मी बनवलाय,” टकळी म्हणाली, “म्हणून तर तपासायचा.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “माझं सगळं कामच फुकट गेलं, मॅडम.”

“रडायचं असेल तर चहा संपेपर्यंत रड,” मॅडम म्हणाल्या. “मग भिंग आण.”

भिंग आलं. मोडलेल्या तुकड्यांची तोंडं वर करून दोघी त्यांवर वाकल्या. मग तुकडे मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली गेले. कितीतरी दिवस ते मोडके तुकडे म्हणजे प्रयोगशाळेचे लाडके पाहुणे झाले. मित्रांनो, मोडलेली वस्तू खोटं बोलत नाही. ती कुठून मोडायला लागली, कशी मोडत गेली, हे सगळं तिच्या अंगावर लिहिलेलं असतं. फक्त कुणीतरी वाचायला हवं. टकळीला दिसलं, की सांधा थरांच्या रेषेतच फुटला होता. वहीची पानं जशी एकमेकांपासून सुटतात, तसे थर सुटले होते, कारण दादाच्या चालण्याचा ताण नेमका त्याच दिशेने येत होता. शिवाय धातूच्या पोटात बारीक बारीक पोकळ्या राहून गेल्या होत्या, पावाच्या आत असतात तशा.

“म्हणजे मी सांधा उभा बनवला, हेच चुकलं,” ती म्हणाली आणि तिची टकळी पुन्हा सुरू झाली. “तो आडवा बनवला तर ताण थरांच्या लांबीवर येईल. आणि किरण जरा सावकाश फिरवला, मग भट्टीत दाबाखाली तापवला, तर पोकळ्या मिटतील. हो ना? मॅडम, हो ना?”

मॅडमचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा ओठांच्या बाहेर आलं. “करून बघ,” त्या म्हणाल्या. “पहिलवान आहेच.”

‘पहिलवान आहेच!’ हे दोन शब्द ऐकून मला जे वाटलं, ते तुम्हाला कसं सांगू?

मग सुरू झाले माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे दिवस. नवे सांधे यायचे, मी मोडायचो. थोडे जास्त टिकले की टकळी नाचायची. कमी टिकले की भिंग काढायची. नवं यंत्रही मदतीला आलं. झटक्यात ओढायचं काम ते करायचं, पुन्हा पुन्हा ओढायचं काम मी. आमच्यात आता ना रुसवा होता ना स्पर्धा. शेजारच्या खोल्यांतली मंडळी जाता-येता डोकावून विचारायची, “काय म्हणतोय सांधा?”

आणि एक सांधा असा आला, की तो मोडेचना. मी ओढला, सोडला, ओढला, सोडला. ठरवलेली मर्यादा मागे पडली, तिच्या दुप्पट झालं, तरी तो जसाच्या तसा. माझी जुनी मोटर तापायला लागली. मामांनी कुठूनसा टेबलफॅन आणून माझ्याकडे वळवला. वारा घेत काम करण्याची ऐट मी पहिल्यांदाच अनुभवली. शेवटी मॅडम म्हणाल्या, “पुरे. आता एकदाच सरळ ओढून मोडा आणि बघू.”

खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. दादाही आला होता. माझी तुळई सरकू लागली. सांधा ताणला, आणखी ताणला, तांब्यासारखा समजूतदारपणे लांबत गेला, मधोमध बारीक झाला, आणि अगदी शेवटी, आपलं सगळं देऊन झाल्यावर, सुटला. असं सुंदर मोडणं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि मग जो काही जल्लोष झाला! मामांनी टोपी उडवली ती पंख्यात अडकली. टकळी दादाच्या गळ्यात पडली. आणि मॅडम, आमच्या शिस्तीच्या मॅडम, दोन्ही हातांनी टेबल वाजवत होत्या.

त्यानंतरही घाई कुणी केली नाही. डॉक्टरांनी सांधा तपासला, हाडांच्या दवाखान्यातल्या मंडळींनी पाहिला, सगळ्यांनी होकार दिला, तेव्हाच तो दादाच्या पायाला लागला. या वेळी दादा खिशात हात न घालता निमूटपणे वाट बघत बसला होता, हे मुद्दाम सांगायला हवं. सांधा लावून तो आमच्या खोलीत आला. बसला, उठला, पुन्हा बसला. मग बाहेरचा जिना कठड्याला हात न लावता चढला आणि उतरला. आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो. पावलांचा तो सारखा, निश्चिंत आवाज दूर जायचा आणि जवळ यायचा. टकळी दाराशी उभी राहून हसत होती आणि हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसत होती, त्यामुळे तिच्या गालभर तेल लागलं होतं.

भिंतीवरचं चित्र पुरं झालं. ते मला बघायला मिळणं शक्य नव्हतं, म्हणून दादाने त्याचा फोटो आणून चुंबकाने माझ्या खांबावर लावला. झाड आहे, पक्षी आहेत, आणि आभाळात ते मांजर मजेत बसलं आहे. आता तसेच सांधे आणखी काही जणांसाठी तयार होत आहेत. एका टांगेवाल्या आजोबांसाठी, एका शिवणकाम करणाऱ्या बाईंसाठी, आणि एका लहान मुलीसाठी. तिचा सांधा अगदी पिटुकला आहे आणि तो दर काही महिन्यांनी मोठा करावा लागतो, कारण ती वाढते आहे. त्या प्रत्येक सांध्याची भावंडं आधी माझ्याकडे येतात. ती माझ्या जबड्यात मोडतात, आणि मगच त्यांचा भाऊ कुणाच्या तरी पायाला लागतो.

माझ्या तुळईवर आता रेनकोट नसतात. मामा रोज दांड्यांना तेल देतात. वयोमानाप्रमाणे माझा काटा थोडा थरथरतो, पण वर्षातून एकदा त्याची तपासणी होते आणि तो बरोबर निघतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, रस्त्याकडेला माझ्यासारखी कितीतरी जुनी यंत्रं मुकाट्याने उभी असतील. ती जुनी झाली म्हणून त्यांना अडगळ समजू नका. थोडं तेल द्या, धूळ पुसा, आणि त्यांना काहीतरी काम द्या. कामाइतकं आवडणारं आम्हाला दुसरं काही नाही. आणि तुमच्या हातून एखादी वस्तू मोडली, तर ती लगेच कचऱ्यात टाकू नका. लपवूही नका. आधी ती उचला, उजेडात धरा आणि कुठून मोडली ते नीट बघा. तुमच्या हातून झालेल्या कामालाही असंच ओढून बघा. ज्याच्यासाठी ते केलं, त्याच्यावर तुमची माया असेल, तर जरा जास्तच जोराने ओढा.

बरं, आता बोलणं पुरे. आज दादाच्या शाळेतली मुलं मला बघायला आली आहेत. सगळ्यात पुढे ती पिटुकल्या सांध्याची मुलगी उभी आहे, आणि आज कळ तिने दाबायची, असं टकळीने कबूल केलं आहे. नवा तुकडा माझ्या जबड्यात बसला आहे. तिचं बोट कळीवर आलं आहे.

चला, कानांवर हात ठेवा बघू!